शेंदुर्णी ते अजिंठा : सायकलवरचा एक दिवस

दिवाळीची सुट्टी संपली की जळगाव-भुसावळच्या कॉलेजांत एक बेत हमखास शिजतो. सायकलने अजिंठा! जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. पहाटे चारला निघायचं, लेणी बघायची आणि रात्री घरी. ऐकायला झकास वाटतं, पण सहल म्हणून हा बेत फसतो. साठ किलोमीटर पॅडल मारून आलेली मुलं पहिल्या लेण्यात शिरतात आणि आधी टेकायला भिंत शोधतात. तिथे भिंतीला टेकायला मनाई आहे, आणि तीच तर बघायची असते. त्यातून लेण्यांमध्ये चढउतार, पायऱ्या, अंधार. परतीच्या साठ किलोमीटरांचं ओझं डोक्यावर असेल, तर पद्मपाणीच्या चित्रासमोर उभं राहूनही मन फर्दापूरच्या चहाच्या टपरीवर असतं.

म्हणून शिक्षकांना आणि गटप्रमुखांना पहिलंच सांगणं : लेण्यांपर्यंतचा हायवे टेम्पोत आणि एसटीत काढा. सायकल चालवा ती लेण्यांच्या शेजारच्या मुलखात.

श्रीलंकेत पोलोन्नारुवाला, थायलंडमध्ये सुखोथायला किंवा म्यानमारच्या बागानला विद्यार्थ्यांचे गट जातात, तेव्हा भाड्याच्या सायकली घेऊन दिवसभर एका स्तूपाकडून दुसऱ्याकडे हिंडतात. तिथली जमीन सपाट आहे आणि अवशेष एकमेकांपासून फार लांब नाहीत. आपल्याकडे दोन लेण्यांच्या मध्ये डोंगर उभा असतो, आणि सपाटीवर रस्ता असेल तर त्यावर ट्रक असतात. त्यांची नक्कल करण्यात अर्थ नाही. मात्र दोन ठिकाणांमधली जमीन डोळ्यांखालून सावकाश जाणं, हे जे त्यांना मिळतं, ते आपल्यालाही एका रस्त्यावर मिळू शकतं : शेंदुर्णी, सोयगाव, फर्दापूर. सगळं मिळून पंचवीस-तीस किलोमीटर, घाट नाही, आणि शेवटचा तुकडा सोडला तर हायवेही नाही.

दिवस असा बांधावा. सायकली आदल्या संध्याकाळी टेम्पोत चढवाव्यात. मुलं पहाटे पाचच्या सुमारास एसटीने निघून पहूरमार्गे शेंदुर्णीला उतरतील. एसटी महामंडळ शैक्षणिक सहलीसाठी प्रासंगिक करारावर गाडी देतं आणि त्यात सवलतही असते. आगारात कॉलेजचं पत्र घेऊन पंधरा दिवस आधी जा. टेम्पोत सायकलींबरोबर मुलं बसवायची नाहीत. ‘सर, आम्ही मागे उभे राहतो’ असं म्हणणारे चार जण प्रत्येक गटात असतातच, त्यांना आधी एसटीत बसवा.

शेंदुर्णीला उजाडता उजाडता पोचावं. त्रिविक्रमाचं देऊळ गावातच आहे. तिथे दहा मिनिटं थांबा, चहा घ्या, सायकलींची हवा तपासा. पाचोरा-जामनेर ही छोट्या रुळांची गाडी, आपल्या भाषेत ‘पीजे’, याच शेंदुर्णी-पहूरवरून धावायची, आणि एके काळी अजिंठ्याला जाणारे प्रवासी पहूरला उतरून पुढे गाडीरस्त्याने फर्दापूर गाठायचे. आज तुम्ही त्याच टापूत सायकल घेऊन उतरलात, एवढं मुलांना सांगितलं तरी पुरे. स्टेशनाच्या आठवणींत रमलात तर ऊन डोक्यावर येईल.

सातला सुटावं. शेंदुर्णीहून सोयगावकडे निघालं की समोर दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर भिंतीसारखा आडवा दिसू लागतो. ही भिंतच त्या दिवसाचा खरा धडा आहे, आणि मोटारीतून जाणाऱ्याला ती नीट दिसत नाही. सोयगावच्या अलीकडे एखाद्या शेताच्या कडेला सायकली लावा आणि मुलांना एकच प्रश्न विचारा : तुमच्याकडे पाठीवर माल लादलेले बैल आहेत, तुम्हाला पैठणला जायचंय, तर या भिंतीत कुठून चढाल? पाच मिनिटं वाद होऊ द्या. कोणी खिंड दाखवेल, कोणी ओढ्याची घळ. मग वेताळवाडीचा किल्ला दाखवा. सोयगावच्या दक्षिणेला, हळद्याकडे चढणाऱ्या घाटाच्या तोंडाशी तो बसलाय. किल्ला तिथेच का, हे आता वेगळं सांगावं लागत नाही. सपाटीवरून पठारावर चढणारी वाट ज्याच्या ताब्यात, जकात त्याची.

इथेच बावरीच्या शिष्यांची कथा सांगावी. विद्यार्थ्यांच्या सहलीला याहून जवळची कथा मला माहीत नाही. सुत्तनिपातातल्या पारायणवग्गात ती आहे. गोदावरीच्या काठी राहणाऱ्या बावरी नावाच्या वृद्ध गुरूने आपले सोळा शिष्य बुद्धाला प्रश्न विचारायला उत्तरेकडे पाठवले. त्यांच्या वाटेवरच्या गावांची नावं तिथे ओळीने दिली आहेत : पतिट्ठान म्हणजे आपलं पैठण, मग माहिस्सती, मग उज्जेनी, पुढे विदिशा, कोसंबी, सावत्थी, आणि शेवटी मगध. माहिस्सती म्हणजे नर्मदेकाठचं महेश्वर, असं बरेच अभ्यासक मानतात. नकाशावर पैठण आणि महेश्वर यांच्यात पट्टी ठेवून रेघ ओढा. ती पाचोरा आणि सोयगाव यांच्या मधून जाते. ते सोळा जण नेमक्या कुठल्या घाटाने उतरले हे कथा सांगत नाही. पण दक्षिणेतून उत्तरेला जाणाऱ्या माणसाला हा डोंगर कुठे तरी उतरावा आणि पुढे तापी ओलांडावीच लागे. लेणी अशा वाटांच्या आसपासच कोरली गेली, कारण भिक्षूंना भिक्षा आणि दान दोन्ही वाटेवरच्या माणसांकडून मिळायचं. पावसाळ्यात प्रवास थांबला की मुक्कामाला कोरडी, शांत जागा लागायची, तीही वाटेपासून थोडी आत. हे पुस्तकात एका परिच्छेदात येतं. सायकलवर मांड्या भरून आल्यावर ते मुलांना जास्त पटतं.

सोयगावहून फर्दापूरकडे वळलं की डोंगर उजव्या हाताला येतो आणि सूर्य तोंडावर. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण डिसेंबरात आठ-साडेआठचं ऊन थेट डोळ्यांत घुसतं आणि पुढचा खड्डा दिसत नाही. हेल्मेटखाली पुढे झाप असलेली टोपी प्रत्येकाकडे हवी. वेताळवाडी चढून बघायचा मोह होईल, जंजाळ्याच्या घटोत्कच लेण्याचाही होईल. या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे. वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, अजिंठ्याचं सोळावं लेणं ज्याने करवलं तोच. पण दोन्ही जागा चढणीच्या आहेत. नव्या गटाने त्या पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवाव्यात. एका दिवसात चार ठिकाणं ‘कव्हर’ करणाऱ्या सहलीत मुलांना आठवतो तो फक्त गाडी लागण्याचा त्रास.

फर्दापूरला शिरताना मुघलकालीन सराई आहे. तिथे पाणी प्या. तापीकडून पठारावर चढणाऱ्या प्रवाशांचा हा जुना मुक्काम. डोंगराच्या वर अजिंठा गावातही अशीच सराई आहे. पुढे लेण्यांकडे वळणाऱ्या टी-पॉइंटला टेम्पो उभा असेल. सायकली लगेच टेम्पोत चढवून टाका. इथून पुढचे चार किलोमीटर खासगी वाहनं सोडत नाहीत, महामंडळाच्या बसनेच जावं लागतं, आणि लेणी बघून आल्यावर पुन्हा सायकल चालवायची नाहीच. कुलपं, पहारा, ‘माझा पंप कोणी नेला’ हे सगळं टळतं.

साडेनऊ-दहाला लेण्यांच्या पायथ्याशी पोचलात तर दुपारपर्यंत हाताशी चार तास असतात. ऊन चढतं तेव्हा मुलं दगडाच्या गारव्यात असतात, ही आधी सायकल, मग लेणी या क्रमाची खरी कमाई. सोमवारी लेणी बंद असतात, हे कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम.

एकूण तीस लेणी आहेत. तीस बघायची नाहीत. बहुतेक गट पहिल्या लेण्यापाशीच रांगेत अडकतात. त्याऐवजी सरळ चालत नवव्या-दहाव्या लेण्याकडे जा. तिथून सुरुवात केली तर क्रम काळानुसार लागतो. ही दोन चैत्यगृहं इसवी सनापूर्वीच्या काळातली आहेत. आत बुद्धाची कोरलेली मूर्ती नाही, फक्त स्तूप, आणि खांब लाकडी बांधकामाची आठवण ठेवून कोरलेले. मग सोळा, सतरा, एकोणीस आणि सव्वीस ही पाचव्या शतकातली लेणी, वाकाटकांच्या वेळची. सव्विसाव्यात महापरिनिर्वाणाची सात मीटरच्या आसपास लांबीची मूर्ती आहे. तिच्यासमोर गटाला खाली बसवून काही वेळ बोलणं बंद ठेवा. येताना एक आणि दोन बघा, तोवर तिथली सकाळची गर्दी ओसरलेली असते.

दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी खांबावर नाव कोरून ठेवलं. ते आज माणसाच्या उंचीच्या वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात मातीचा ढीग साचला होता आणि तो त्यावर उभा होता. मुलांना हे सांगताना पुढचंही सांगा : त्याने कोरलं ते इतिहासात गेलं, तुम्ही कोरलंत तर पोलिसांत जाल.

प्रत्येकाला एकेक शोध नेमून द्या, नाही तर सगळे मिळून सेल्फी काढतात. एकाने पाण्याची टाकी शोधायची, एकीने कोरलेले लेख. एकाने चित्रांतल्या नौका शोधायच्या. दुसऱ्या आणि सतराव्या लेण्यात त्या आहेत, आणि समुद्रावरचा व्यापार खानदेशाच्या डोंगरात का रंगवला असेल हा प्रश्न परतीच्या बसमध्ये चांगला रंगतो. एकीने रंग बघायचे : त्यातल्या गडद निळ्याचा दगड इथला नव्हे, तो दूर अफगाणिस्तानच्या बाजूने यायचा. एकाने फक्त वाघूर नदी बघायची. घोड्याच्या नालेसारखी वळलेली ही दरी तिनेच कापली. वर सातकुंडावरून ती उड्या घेत येते, खाली खानदेशात उतरते आणि पुढे तापीला मिळते. वाटेत तिच्यावर धरण आहे, आणि जळगाव शहर त्याच धरणाचं पाणी पितं. सरकारी नकाशात लेणी सोयगाव तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतात. नदी मात्र जिल्हा बघून वाहत नाही.

भुसावळच्या गटांनी एक काम आदल्या आठवड्यात उरकावं. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं होतं. वर्षानुवर्षं रंगवलेल्या त्याच्या नकलांपैकी बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. तो १८७९ मध्ये वारला आणि त्याची कबर भुसावळातच आहे. अजिंठ्याच्या वाटेवरचा हा मुक्काम तुमच्या गावात असताना तो न बघता लेण्यांकडे जाणं बरं नाही.

लेण्यांत चपला-बूट काढावे लागतात, फ्लॅश चालत नाही, आणि चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. हे नियम तर आहेतच. त्याखेरीज, अनेक बौद्ध कुटुंबं इथे श्रद्धेने येतात, वंदना म्हणतात. तेव्हा त्यांच्यामधून वाट काढत फोटो घेऊ नका. मूर्तीच्या चौथऱ्यावर बसणं, तिच्या मुद्रेची नक्कल करून हसणं हे गटप्रमुखाने आदल्या दिवशीच स्पष्ट शब्दांत बंद करावं. जागेवर रागवून काही होत नाही.

आता सायकलीकडे. गिअरची सायकल लागत नाही. मुलींना शाळेत असताना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली साधी सायकल या रस्त्याला पुरते, फक्त ती महिनाभर घराच्या भिंतीला टेकून उभी नसावी. आठ दिवस आधी एक तपासणी ठेवा : ब्रेकची रबरं, चेनचं ढिलेपण, चाकाची लचक, सीटची उंची. सीट खाली ठेवून चालवणाऱ्याचे गुडघे दहा किलोमीटरांत बोलायला लागतात. पाय पॅडलवर खाली नेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट वर हवी.

आपल्याकडचा खरा वैरी म्हणजे काटा. बाभळीचा काटा आणि रस्त्याच्या कडेचे सराटे टायरात असे घुसतात की हवा तासाभराने जाते आणि कारण सापडत नाही. सायकल मातीत उतरवायची नाही, थांबा घ्यायचा तो डांबरावर किंवा पक्क्या फरशीवर. दर थांब्याला प्रत्येकाने टायरावरून नजर फिरवायची. बरोबर दोन पंप, चिकटपट्ट्या, सोल्यूशन, पाने आणि मोजक्या जादा ट्यूबा घ्या. रस्त्यात पंक्चर काढत बसू नका. ट्यूब बदला, पुढे चला, पंक्चर संध्याकाळी काढा. आणि हे काम जमणारं कोणी तरी गटात हवंच. नसेल तर गावातल्या सायकलवाल्याकडे दोघांना दोन संध्याकाळी बसवा, तो शिकवतो.

रस्त्यावर एकामागे एक. पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे गटातला सर्वांत दमदार सायकलस्वार, आणि त्याच्या मागे कोणी राहणार नाही हीच त्याची जबाबदारी. वेग मागच्याच्या सोयीचा. ताशी दहा-बारा किलोमीटर पुष्कळ झाले. नोव्हेंबर-डिसेंबरात कापसाने फुगलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. त्यांना ओव्हरटेक करताना पलीकडचं काही दिसत नाही, तेव्हा मागे राहा, घाई कुणाला आहे? वीस-पंचवीसपेक्षा मोठा गट असेल तर दोन तुकड्या करा आणि मध्ये दहा मिनिटांचं अंतर ठेवा.

दर मुलामागे दोन लिटर पाणी, त्यातलं निम्मं टेम्पोत. लिंबू-मीठ-साखर किंवा क्षारसंजीवनी. खायला दशम्या, तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे. दशमी दुपारपर्यंत मऊ राहते आणि हातात धरून खाता येते. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी परतीला पहूरच्या बाजूला खा, सकाळी नको. तर्रीवर पॅडल मारता येत नाही. मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी एकदा जाऊन बघा. शेंदुर्णी, सोयगावचं बसस्थानक आणि टी-पॉइंट, एवढीच भरवशाची ठिकाणं गृहीत धरा, आणि मुलींना ते निघण्याआधीच सांगा म्हणजे पाणी न पिता कोणी चालवणार नाही. पालकांचं संमतिपत्र, रक्तगट, दम्याचा त्रास आहे का हे लिहून घ्या. ही कागदपत्रं शिक्षकांच्या खिशात हवीत, कॉलेजच्या कपाटात नकोत.

महिने दिवाळीनंतरचे ते फेब्रुवारी. मार्चच्या मध्यानंतर आपल्याकडे उन्हाशी पैज लावू नये. पावसाळ्यात सातकुंड जोरात असतो, पण काळी माती चाकात आणि मडगार्डात अशी बसते की सायकल ढकलावी लागते.

चाळीसगाव आणि धुळ्याकडच्या मुलांना शेंदुर्णी लांब पडते. त्यांच्यासाठी चाळीसगाव ते पाटणादेवी हा अठरा किलोमीटरांचा रस्ता आहे. धुळ्याहून सकाळच्या गाडीने चाळीसगावला यायचं, सायकली टेम्पोने. चंडिकादेवीच्या देवळाखेरीज पाटणला जुनं महादेवाचं मंदिर आहे, आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापन केल्याचा शिलालेख पाटणचाच. त्यातलं दान शके ११२८ चं आहे आणि लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांना ही यात्रा सक्तीची करावी असं माझं मत आहे. तिथून वर पठारावर पितळखोऱ्याची लेणी आहेत, अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांच्या काळातली. तिथल्या खांबावर पैठणच्या मित्रदेव नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं दान नोंदलंय. पण त्याच दिवशी वर चढू नका. हा गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे, बिबट्याचं रान आहे, वनखात्याची परवानगी लागते आणि चढ पायाचा आहे. कन्नड घाटातून सायकलने जाणं तर अजिबात नको.

आणि ज्यांच्याकडे फक्त रविवारची सकाळ आहे, त्या धुळेकरांनी लळिंगला जावं. आधी शहरात राजवाडे संशोधन मंडळ, १९२७ पासूनचं. रविवारी उघडं आहे का ते फोन करून विचारा. मग मुंबई-आग्रा महामार्गाने दहाएक किलोमीटरांवर फारुकी काळातला लळिंगचा किल्ला आणि जवळच्या कुरणात लांडोर बंगला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले असता ३१ जुलै १९३७ रोजी या बंगल्यात उतरले होते. दरवर्षी ३१ जुलैला इथे मोठा मेळा भरतो. त्या दिवशी सायकल घेऊन जाऊ नका, अभिवादनाला पायी जा. एरवी उजाडायच्या आत निघून सर्व्हिस रोड धरा, जिथे तो तुटतो तिथे उतरून ढकला. किल्ल्याचा चढ सायकल खाली ठेवून चढायचा. परतीला रस्ता उताराचा आहे : ब्रेकची रबरं आदल्या दिवशी बदललेली हवीत, आणि उतारावर शर्यत लावणाऱ्याची सायकल पुढच्या सहलीला टेम्पोतच राहील, हे निघतानाच सांगून ठेवा.